घरखर्च, कर आणि सरकारी सोयी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या वडिलांनी दारामागच्या खिळ्याला एक तार अडकवली होती. घरपट्टी, पाणीपट्टी, लाइटबिल, जे काही भरलं त्याची पावती त्या तारेत ओवली जायची. ती सवय माझ्याकडे आली आणि तिच्यामुळेच शेजारपाजारचे लोक आपापली बिलं घेऊन माझ्याकडे यायला लागले. "हे एवढे कशाचे लावलेत?" हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. दुसरा ठरलेला, "सरकारने सवलत दिली म्हणतात, मग आम्हाला ती का दिसत नाही?" खालची उत्तरं अशाच बोलण्यांतून जमत गेली. महाराष्ट्रात पगारावर, पेन्शनवर किंवा रोजावर घर चालवणाऱ्या माणसाला ती उपयोगी पडावीत, एवढीच इच्छा आहे.

मी आयकर भरत नाही. मग मी करदाता कसा?

तुम्ही रोज कर भरता, फक्त त्याची पावती वेगळी मिळत नाही. सकाळच्या टूथपेस्टवर जीएसटी आहे. गाडीत टाकलेल्या पेट्रोलवर केंद्राचं उत्पादन शुल्क आणि राज्याचा व्हॅट आहे. संध्याकाळी दिवा लावला की वीज शुल्क सुरू होतं. भाड्याच्या घरात राहत असाल तर घरपट्टी मालक भरतो, पण भाडं ठरवताना ती धरलेली असते.

मोबाइलच्या रिचार्जचंच बघा. त्यावर १८ टक्के जीएसटी आहे. २९९ रुपयांच्या रिचार्जमधले साधारण ४५ रुपये ६० पैसे कराचे असतात. चार घरची धुणीभांडी करणारी बाई हे पैसे देते आणि महिन्याला दोन लाख कमावणारा माणूसही तेवढेच देतो. त्याच्या कमाईत ते जाणवतही नाहीत, तिच्या कमाईत जाणवतात. म्हणून "आम्ही टॅक्स भरतो आणि फुकट योजना दुसरेच खातात" असं कुणी म्हणालं की मला वाईट वाटतं. ती बाईही टॅक्स भरते. कमाईच्या मानाने पाहिलं तर अशा करांचा बोजा तिच्यावरच जास्त पडतो.

बिलावर सीजीएसटी आणि एसजीएसटी असे दोन आकडे का असतात? कर दोनदा लागतो का?

नाही. कर एकच असतो, त्याचे दोन वाटे केलेले असतात. वस्तूवर ५ टक्के कर असेल तर अडीच टक्के केंद्राकडे जातात आणि अडीच टक्के राज्याकडे. १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला तेव्हापासून ही पद्धत आहे. माल किंवा सेवा दुसऱ्या राज्यातून आली असेल तर बिलावर आयजीएसटी असा एकच आकडा दिसतो, आणि त्यातला राज्याचा वाटा जिथे ती वस्तू वापरली जाते त्या राज्याला मिळतो.

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी कमी झाला. आमच्या घरात नेमकं काय स्वस्त व्हायला हवं होतं?

३ सप्टेंबर २०२५ च्या बैठकीत जीएसटी परिषदेने १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे जवळपास काढून टाकले. मुख्य दर दोनच राहिले, ५ आणि १८. चैनीच्या आणि तंबाखूसारख्या वस्तूंसाठी ४० टक्क्यांचा वेगळा दर ठरला.

न्हाणीघरापासून सुरुवात करू. अंगाचा साबण, टूथपेस्ट, शाम्पू, केसांचं तेल, दाढीचं क्रीम हे सगळं १८ वरून ५ टक्क्यांवर आलं. कपडे धुण्याची पावडर मात्र १८ वरच राहिली, त्यामुळे "साबण स्वस्त झाला, पावडर का नाही?" या प्रश्नाला दुकानदार जबाबदार नाही. स्वयंपाकघरात तूप, लोणी, चीज आणि पाकिटातलं फरसाण १२ वरून ५ वर आलं. पाकिटातल्या पनीरवरचा कर शून्य झाला. मुलांच्या वह्या, पेन्सिली, खोडरबर यांवरही आता कर नाही. बहुतेक औषधं १२ वरून ५ वर आली आणि ३३ जीवरक्षक औषधांवरचा कर पूर्ण काढला. सिमेंट आणि एसी २८ वरून १८ वर आले.

धान्यातली एक गोष्ट अजूनही बऱ्याच जणांना माहीत नसते. सुट्या तांदळावर, गव्हावर, डाळीवर जीएसटी नाही. तोच तांदूळ लेबल लावलेल्या २५ किलोपर्यंतच्या बंद पिशवीत आला की त्यावर ५ टक्के लागतात. हा नियम जुलै २०२२ पासून आहे. महिन्याचं वाणसामान भरताना एवढं लक्षात ठेवलं तरी वर्षाकाठी बऱ्यापैकी पैसे वाचतात.

कर १३ टक्क्यांनी उतरला, पण किंमत १३ टक्क्यांनी उतरली नाही. दुकानदार फसवतोय का?

लगेच तसं समजू नका, आधी हिशोब करून बघा. वस्तूची मूळ किंमत १०० रुपये असेल तर १८ टक्के कराने ती ११८ ला पडत होती, ५ टक्के कराने १०५ ला पडेल. म्हणजे ११८ मागे १३ रुपये उतरले, साधारण ११ टक्के. छापील किमतीच्या १३ टक्के उतरायला हवेत हा समज चुकीचा आहे.

हे १३ रुपयेही आपोआप हातात पडतात असं नाही. कर कमी झाल्यावर कंपनी छापील किंमत उतरवते, किंवा किंमत तीच ठेवून पाकिटातला माल वाढवते. पाच आणि दहा रुपयांच्या पाकिटांत दुसरी गोष्ट जास्त दिसते. म्हणून पाकीट उलटं करून वजन वाचायची सवय लावून घ्या. किंमतही तीच आणि वजनही तेच असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते. जवळ बिल असेल तरच तक्रारीला वजन येतं.

एमआरपीवर वेगळा जीएसटी लावला तर?

देऊ नका. एमआरपी म्हणजे सगळे कर धरून जास्तीत जास्त किंमत. त्यावर एक रुपयाही चढवता येत नाही.

ज्या कामाला एमआरपी नसते, म्हणजे दुरुस्ती, हॉटेल, पार्लर, तिथे बिलावर पंधरा अंकाक्षरांचा जीएसटी क्रमांक आहे का ते बघा. महाराष्ट्रात नोंदलेल्या व्यवसायाचा क्रमांक २७ ने सुरू होतो. क्रमांक नसेल तर त्या व्यवसायाला ग्राहकाकडून जीएसटी घ्यायचा अधिकार नाही. छोटे व्यावसायिक 'कंपोझिशन' योजनेत असतात. ते स्वतःच्या उलाढालीवर थोडा कर भरतात, पण तो बिलात वेगळा लावू शकत नाहीत. एकदा एका हॉटेलात मला क्रमांक नसलेल्या कच्च्या बिलावर "जीएसटी ५ टक्के" असं पेनाने लिहून दिलं होतं. मी शांतपणे क्रमांक विचारला आणि ती ओळ खोडली गेली. पैसे थोडेच होते, पण ते सरकारी तिजोरीत जाणारच नव्हते, याचं वाईट वाटलं.

पेट्रोल-डिझेल जीएसटीत का येत नाही?

संविधानात कच्चं तेल, पेट्रोल, डिझेल, नैसर्गिक वायू आणि विमानाचं इंधन या पाच गोष्टींसाठी वेगळी तरतूद आहे. त्यांच्यावर जीएसटी कधीपासून लावायचा ती तारीख जीएसटी परिषदेने सुचवायची आहे, आणि परिषदेत केंद्राबरोबर राज्यंही बसतात. राज्यांच्या हातात दर ठरवता येतील असे मोठे कर आता मोजकेच उरलेत. इंधनावरचा व्हॅट, दारूवरचं शुल्क, मुद्रांक शुल्क, वाहन कर, वीज शुल्क. त्यातला व्हॅट सोडायला कुठलंही राज्य, कुठल्याही पक्षाचं असो, सहज तयार होत नाही.

दिलासा द्यायचा ठरवलं तर तो देता येतो, हेही खरं. केंद्राने नोव्हेंबर २०२१ मध्ये उत्पादन शुल्क पेट्रोलवर ५ आणि डिझेलवर १० रुपयांनी कमी केलं, मे २०२२ मध्ये आणखी ८ आणि ६ रुपयांनी. महाराष्ट्राने जुलै २०२४ पासून मुंबई, ठाणे, नवी मुंबई भागातला जादा व्हॅट काढून तो उरलेल्या राज्याच्या बरोबरीला आणला. डिझेल उतरलं की भाजीच्या टेम्पोचं भाडं उतरायला वाव मिळतो, म्हणून मला पेट्रोलपेक्षा डिझेलवरची सवलत जास्त मोलाची वाटते.

लाइटबिलात वीज वापरली त्यापेक्षा जास्त पैसे कशाचे?

महावितरणचं बिल घेऊन बसा आणि मागची बाजू वाचा. स्थिर आकार म्हणजे जोडणी आहे म्हणून द्यायची रक्कम, वीज वापरली नाही तरी ती लागते. वीज आकार म्हणजे युनिटचे पैसे. वहन आकार वीज तारांतून घरापर्यंत आणल्याचा. इंधन समायोजन आकार महिन्याप्रमाणे बदलतो. हे दर वीज नियामक आयोग ठरवतो किंवा मंजूर करतो. या सगळ्याच्या बेरजेवर घरगुती ग्राहकाला १६ टक्के वीज शुल्क लागतं. तो राज्य सरकारचा कर आहे. आकारांची बेरीज १००० रुपये आली तर वर १६० रुपये शुल्काचे. विजेवर जीएसटी नाही, पण याचा अर्थ वीज करमुक्त आहे असा होत नाही.

युनिटचा दर टप्प्याटप्प्याने चढतो. पहिल्या १०० युनिटला सगळ्यात कमी, पुढच्याला जास्त. त्यामुळे महिन्याला ९५ युनिटवर थांबणाऱ्या घराला खरा दिलासा दराच्या या रचनेतून मिळतो.

आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटी गेला का?

गेला. व्यक्तीने स्वतः घेतलेल्या आरोग्य आणि आयुर्विमा पॉलिसींवर २२ सप्टेंबर २०२५ पासून कर नाही. कुटुंबाची आणि ज्येष्ठ नागरिकांची पॉलिसीही त्यात आली. पूर्वी २०,००० रुपयांच्या हप्त्यावर ३,६०० रुपये कर भरावा लागायचा. नोकरीच्या ठिकाणी काढलेल्या गट विम्याला मात्र ही माफी नाही.

एक बारकावा समजून घ्या. विमा कंपनी तिच्या खर्चावर जो जीएसटी भरते त्याची वजावट तिला पूर्वी मिळायची, आता या पॉलिसींवर मिळत नाही. तो खर्च मूळ हप्त्यात चढू शकतो. म्हणून नूतनीकरणाची नोटीस आली की गेल्या वर्षीचा मूळ हप्ता शेजारी ठेवून ताडून बघा.

१२ लाखांपर्यंत आयकर नाही म्हणतात. मग ४ लाखांवर ५ टक्के, ८ लाखांवर १० टक्के हे काय आहे?

हा गोंधळ सगळ्यात जास्त लोकांना होतो. आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी नव्या कर प्रणालीत पहिल्या ४ लाखांवर कर नाही, ४ ते ८ लाखांवर ५ टक्के, ८ ते १२ लाखांवर १० टक्के, आणि तिथून चढत २४ लाखांच्या वर ३० टक्के. १२ लाख उत्पन्नाच्या माणसाचा कर या पायऱ्यांनी ६०,००० रुपये होतो, आणि तेवढीच सूट कायद्याने दिलेली आहे. म्हणून भरायची रक्कम शून्य. पगारदाराला आणि पेन्शनरला ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावटही मिळते, म्हणजे १२ लाख ७५ हजारांपर्यंत कर लागत नाही.

उत्पन्न १२ लाखांपेक्षा थोडंसंच वाढलं तर? वजावटीनंतर तुमचं उत्पन्न १२ लाख १० हजार आहे असं धरू. पायऱ्यांनी कर होतो ६१,५००. पण जास्तीच्या १०,००० रुपयांसाठी एवढा कर घेणं अन्याय्य ठरेल, म्हणून कर १०,००० रुपयांवर अडवला जातो. त्यावर ४ टक्के आरोग्य व शिक्षण उपकर धरून १०,४०० रुपये भरायचे. हे कळत नाही म्हणून "पगारवाढ नको, टॅक्स लागेल" असं म्हणणारी माणसं मला भेटली आहेत.

आणि शेअर किंवा घर विकून झालेल्या नफ्यावर वेगळ्या दराने कर लागतो. तिथे ही सूट चालत नाही.

कर शून्य आहे, तरी रिटर्न भरायचं का?

वजावटी आणि सूट धरण्याआधीचं उत्पन्न ४ लाखांच्या वर असेल तर भरायचं. बँकेने आधीच कापून घेतलेला कर, म्हणजे टीडीएस, परत मिळवायलाही रिटर्नच लागतं.

पगारातून दर महिन्याला २०० रुपये कापतात. हा व्यवसाय कर कशासाठी?

या २०० रुपयांमागचा इतिहास फार कमी जणांना ठाऊक असतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात गावंच्या गावं कामाच्या शोधात बाहेर पडली. खडी फोडायची, रस्ते, पाझर तलाव, नालाबांध अशी कामं सरकारने काढली. वि. स. पागे तेव्हा विधान परिषदेचे सभापती होते. मागेल त्याला काम द्यायचं, ही रोजगार हमीची कल्पना त्यांची. कल्पना चांगली असली तरी मजुरीचे पैसे आणायचे कुठून, हा प्रश्न होताच. शहरात नोकरीधंदा करणाऱ्यांनी त्याचा भार उचलायचा असं ठरलं आणि १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा आला. १९७७ ला रोजगार हमीचा कायदा झाला. केंद्राने देशभरासाठी असा कायदा २००५ मध्ये केला.

पंख्याखाली बसून काम करणाऱ्याने उन्हात बांध घालणाऱ्याच्या मजुरीतला वाटा उचलायचा, तोही पगाराच्या चिठ्ठीवर एका ओळीत. करातून सार्वजनिक काम उभं राहण्याचं याहून स्पष्ट उदाहरण मला महाराष्ट्रात दुसरं दिसत नाही.

आता नियम. महिना १०,००० च्या वर पगार असेल तर २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. याहून जास्त व्यवसाय कर संविधानानेच घेऊ दिलेला नाही. एप्रिल २०२३ पासून महिना २५,००० पर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना तो माफ आहे. ६५ वर्षांवरच्या माणसालाही माफ आहे. तरीही कापला जात असेल तर आस्थापना विभागाला लेखी कळवा.

घरपट्टीच्या बिलात इतक्या ओळी कशाच्या?

शहरातलं बिल असेल तर सामान्य कर, सफाई, पाणीपट्टी किंवा पाणी लाभ कर, मलनिस्सारण, अग्निशमन, वृक्ष, रस्ता अशा ओळी असतात. नावं शहराप्रमाणे बदलतात. शिक्षण उपकर ही ओळ महापालिकेची नसते. १९६२ च्या कायद्याने तो राज्य सरकारचा कर आहे, महापालिका फक्त गोळा करून देते. दुकानगाळ्याच्या बिलात रोजगार हमी उपकरही दिसतो.

बिल सहामाही असतं. मुदत चुकली तर थकबाकीवर महिन्याला २ टक्के शास्ती, म्हणजे दंड, चढते, वर्षाला २४ टक्के. एवढं व्याज गृहकर्जावर बँकही लावत नाही. बऱ्याच महापालिका वर्षाच्या सुरुवातीला एकरकमी भरणाऱ्याला सूट देतात, ती घ्या.

घरपट्टीत सवलत कुणाला मिळते?

मुंबईत ४६.४५ चौरस मीटर, म्हणजे ५०० चौरस फुटांपर्यंतच्या राहत्या घरांना जानेवारी २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे. पुण्यात मालक स्वतः राहत असेल तर ४० टक्के सवलत आहे. मधल्या काळात ती बंद झाली होती, २०२३ मध्ये पुन्हा आली. पण ज्यांना ती लागलेली नाही त्यांना महापालिकेचा पीटी-३ अर्ज आणि राहत असल्याचा पुरावा द्यावा लागतो. अर्ज दिला नाही म्हणून दरवर्षी पूर्ण बिल भरणारी घरं मला माहीत आहेत. सवलत जाहीर झाली की ती घरात आली, असं धरून चालू नका.

आम्ही गावात राहतो. आमच्याकडे काय बघायचं?

ग्रामपंचायतीत नमुना ८ ही कर आकारणीची नोंदवही. तुमच्या घराचं क्षेत्रफळ, बांधकाम कसलं, कर किती, सगळं तिथे. नमुना ९ म्हणजे मागणी, किती येणं आहे ते. नमुना १० म्हणजे तुमच्या हातात येणारी पावती. मातीचं घर पक्कं झालं असेल किंवा भावांत वाटणी झाली असेल तर नमुना ८ ची नोंद एकदा डोळ्यांखालून घाला. घरपट्टीबरोबर दिवाबत्ती, आरोग्य आणि पाणीपट्टी असते.

केंद्राच्या करांतला पैसा राज्यांना आणि स्थानिक संस्थांना कसा वाटायचा हे सुचवणाऱ्या पंधराव्या वित्त आयोगाचा निधी थेट ग्रामपंचायतीच्या खात्यात येत असे आणि त्यातला ६० टक्के पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्च करायचा होता. तो कुठे गेला हे ग्रामसभेत विचारता येतं. वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्यायचं बंधन कायद्याने आहे.

घरपट्टी सरसकट माफ केली तर बरंच होईल ना?

ऐकायला बरं वाटतं. पण कचऱ्याची गाडी, रस्त्यावरचा दिवा, अग्निशमनचा बंब यांचा खर्च माफ होत नाही. तो दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर जातो.

जकातीचं, म्हणजे शहरात माल आणताना नाक्यावर लागणाऱ्या कराचं, उदाहरण घ्या. मुलुंड, दहिसर, मानखुर्दच्या नाक्यांवर ट्रकच्या रांगा ज्यांनी पाहिल्यात त्यांना ती गेल्याचा आनंद झाला, मलाही झाला. राज्यातल्या इतर महापालिकांत आधी जकातीच्या जागी स्थानिक संस्था कर आला, तोही ऑगस्ट २०१५ मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांसाठी बंद झाला. मुंबईची जकात जीएसटीबरोबर, जुलै २०१७ मध्ये संपली. जकात हा महापालिकेचा स्वतःचा, रोजचा रोख पैसा होता. आता त्या बदल्यात राज्य सरकार दर महिन्याला भरपाई देतं. म्हणजे शहराच्या खर्चाचा मोठा भाग मंत्रालयातून येणाऱ्या पैशांवर अवलंबून राहिला. नगरसेवकाला "रस्ता का झाला नाही?" विचारलं तर तो मंत्रालयाकडे बोट दाखवतो, आणि त्याचं म्हणणं अगदीच खोटं नसतं.

म्हणून माफी जाहीर झाली की मी पुढचा प्रश्न विचारतो, हे पैसे भरून कोण देणार आहे? लहान घराला दिलेली माफी मला पटते. थकबाकी बुडवणाऱ्या मोठ्यांना दर काही वर्षांनी शास्ती माफ करणं पटत नाही. वेळेवर भरणाऱ्या माणसाची त्यात चेष्टा होते.

दिल्लीला गेलेल्या करातला महाराष्ट्राला किती परत मिळतो?

पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी केंद्राच्या वाटपयोग्य करांतला ४१ टक्के हिस्सा राज्यांना दिला. त्या हिश्श्यात महाराष्ट्राचा वाटा ६.३१७ टक्के होता, उत्तर प्रदेशचा १७.९३९. मागे राहिलेल्या, जास्त लोकसंख्येच्या राज्यांना जास्त द्यायचं हे तत्त्व त्यामागे आहे आणि तत्त्व म्हणून मला ते मान्य आहे. माझी हरकत दुसऱ्या गोष्टीला आहे. केंद्राने मूळ कराच्या वर लावून गोळा केलेले उपकर आणि अधिभार या वाटपात येतच नाहीत. इंधनावरच्या केंद्रीय शुल्काचा मोठा भाग उपकराच्या रूपात असतो. तो तुमच्या आमच्या खिशातून जातो, पण वाटणीत येत नाही.

करात सवलत चांगली, की हातात रोख, की फुकट धान्य?

कुणासाठी, यावर ते ठरतं. आयकरातली सूट आयकर लागू होतो त्यालाच मिळते. जीएसटी उतरला तर फायदा खरेदीच्या प्रमाणात होतो, जास्त घेणाऱ्याला जास्त. उत्पन्नच नसलेल्या घरापर्यंत पोहोचायला रेशन लागतं. अन्नसुरक्षा कायद्याखाली दर माणशी महिन्याला ५ किलो धान्य, अंत्योदय, म्हणजे सगळ्यात गरीब, कुटुंबाला ३५ किलो, जानेवारी २०२३ पासून मोफत आहे आणि जानेवारी २०२४ पासून पुढे पाच वर्षं तसंच राहील असं केंद्राने ठरवलंय.

लाडकी बहीण योजनेचे महिन्याला १,५०० रुपये जुलै २०२४ पासून सुरू झाले. २१ ते ६५ वयाच्या, अडीच लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्नाच्या कुटुंबातल्या स्त्रियांसाठी ते आहेत. ते पैसे औषधाला, मुलीच्या क्लासला, गॅसला जाताना मी पाहिलेत, त्यामुळे त्यांना खिरापत म्हणवत नाही. पण आरोग्य केंद्रात परिचारिकेची जागा रिकामी राहिली तर तीच बाई त्या पैशांतून खासगी डॉक्टरची फी भरते. रोख रक्कम आणि सेवा या दोन्ही लागतात.

एसटीतली सवलत मला यात सगळ्यात उजवी वाटते. मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्धं तिकीट, ७५ वर्षांवरच्यांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत. सवलतीची रक्कम राज्य सरकार महामंडळाला भरून देतं. बाजाराला, दवाखान्याला, माहेराला जायला बाईला कुणाकडे हात पसरावा लागत नाही. मात्र सरकारने ती रक्कम वेळेवर दिली पाहिजे, नाहीतर चालक-वाहकांचे पगार अडकतात.

दवाखान्यात काय मोफत आहे?

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत केले आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं वेगळ्या विभागाची, तिथे हा निर्णय लागू नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंतचे ठरलेले उपचार होतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. भरती होण्याआधी, अनामत भरण्याआधी, त्याला गाठा.

कर भरूनही नळाला पाणी नाही. मग भरणं थांबवू का?

राग योग्य आहे, पण थांबवू नका. कर हा एखाद्या सेवेचा थेट मोबदला नसतो, त्यामुळे "पाणी नाही म्हणून कर नाही" हे कायद्यात टिकत नाही. वर शास्ती चढते आणि तक्रार करताना तुम्हीच थकबाकीदार ठरता.

भरलेली पावती हातात घेऊन विचारा. माहितीच्या अधिकारात १० रुपयांत अर्ज होतो, दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तेही लागत नाहीत, आणि ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. "पाणी का येत नाही?" असं विचारू नका, त्याला गोल उत्तर मिळतं. आमच्या प्रभागात पाणीपट्टीची वसुली किती झाली, जलवाहिनीच्या दुरुस्तीला तरतूद किती होती, खर्च किती झाला, काम कुणाला दिलं, अशा चार ओळी लिहा. दाखले, नोंदी, आकारणीचे उतारे अडकले असतील तर २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमात अधिसूचित सेवांना मुदत ठरवून दिलेली आहे. अर्जाची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका, आणि ती पोच घरी येऊन तारेत ओवा.